फड्या निवडुंग : संशोधन, उपयोग आणि मर्यादा

मधुमेह, स्थौल्य व रक्ताल्पता या विकारांनी त्रस्त असलेल्या रुग्णांच्या हाती अलीकडे जी नवी वनस्पतिजन्य उत्पादने दिसतात, त्यांत फड्या निवडुंगाचा समावेश वाढत चालला आहे. त्याच्या फडांचे चूर्ण ‘नोपाल’ या मेक्सिकन नावाने कॅप्सूलमध्ये भरून विकले जाते. सौराष्ट्र व कच्छ भागात त्याच्या फळांचा गर्द लाल रस ‘फिंडला’ या नावाने रक्तवर्धक म्हणून घेतला जातो. रुग्ण वैद्याला विचारतो, ‘हे घेऊ का?’ आणि औषधनिर्माता विचारतो, ‘याचे उत्पादन सुरू करावे का?’ या दोन्ही प्रश्नांना उत्तर देण्यापूर्वी ही वनस्पती नेमकी कोणती, तिच्यावर कोणते संशोधन झाले आणि त्या संशोधनातून खरोखर काय सिद्ध होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नामसाम्याचा धोका

प्रथम नावाचाच विचार करणे आवश्यक आहे. मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द निदान दोन भिन्न कुलांतील वनस्पतींना लावला जातो. आपल्या संहितांतील स्नुही, सुधा अथवा सेहुंड म्हणजे युफोर्बिएसी कुलातील युफोर्बिया नेरिफोलिया होय. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या दहाव्या अध्यायात, सुधाकल्पात, जिचे तीक्ष्ण विरेचन म्हणून वर्णन केले आणि क्षारसूत्राच्या २१ लेपांत जिचे क्षीर आजही वापरले जाते, ती हीच. फड्या निवडुंग मात्र कॅक्टेसी कुलातील ओपन्शिया या प्रजातीचा आहे. दोहोंत काटे आणि मांसल खोड यांपलीकडे साम्य नाही.

ओळखीची खूण सोपी आहे. स्नुहीला छेद दिला असता पांढरे क्षीर तत्काळ स्रवते. फड्या निवडुंगाच्या फडाला छेद दिला असता क्षीर येत नाही. पाण्यासारखा, तार धरणारा बुळबुळीत स्राव येतो. फड हे पान नसून चपटे झालेले खोड आहे. खरी पाने अगदी लहान असतात व लवकर गळून पडतात. फडावर ठराविक अंतराने जे ठिपके दिसतात, त्यांत मोठ्या काट्यांबरोबर केसांसारख्या सूक्ष्म काट्यांचे झुबके असतात. असे झुबके स्नुहीवर कधीही आढळत नाहीत.

हा भेद केवळ वनस्पतिशास्त्राच्या आवडीचा नाही. ‘निवडुंगाने साखर कमी होते’ एवढेच ऐकून एखाद्या रुग्णाने कुंपणावरील क्षीरी निवडुंग खाल्ला, तर तीव्र दाह, वमन व अतिसार यांना तोंड द्यावे लागेल. क्षीर डोळ्यांत गेल्यास नेत्राला गंभीर इजा होऊ शकते. उलट स्नुहीच्या जागी फड्या निवडुंग वापरल्यास कल्प निष्फळ ठरेल. म्हणून चिठ्ठीवर, लेबलवर अथवा कच्च्या मालाच्या मागणीपत्रात नुसता ‘निवडुंग’ हा शब्द लिहू नये.

ही वनस्पती आपल्याकडे आली कशी?

ओपन्शियाचे मूळ स्थान अमेरिका खंड होय. मेक्सिकोत ती हजारो वर्षांपासून अन्न म्हणून वापरात आहे. कोवळ्या फडांची भाजी म्हणजे ‘नोपाल’ आणि फळ म्हणजे ‘तुना’. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन याने तेथील लोकजीवनाच्या ज्या नोंदी केल्या, त्यांत नोपालाच्या जातींचाही उल्लेख आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रचिन्हात गरुड बसला आहे तो याच वनस्पतीवर. लागवडीखालील प्रमुख जातीचे नाव ओपन्शिया फायकस-इंडिका असे असले, तरी त्यातील ‘इंडिका’ या शब्दाचा भारताशी संबंध नाही. कोलंबसानंतरच्या युरोपीयांनी अमेरिकेलाच ‘इंडीज’ म्हटले, त्याची ती खूण आहे. अर्थात १४९२ पूर्वी ही वनस्पती भारतात असणे शक्य नाही, आणि बृहत्त्रयीत तिचा शोध घेणे व्यर्थ आहे.

भारतात तिच्या प्रसाराला एक व्यापारी कारणही होते. या वनस्पतीवर वाढणाऱ्या कोचिनिअल किड्यापासून लाल रंग मिळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी ब्राझीलमधून असे किडे कलकत्त्यास आणले. परंतु ते उत्तम रंग देणाऱ्या जातीचे नव्हते. रंगाचा उद्योग फसला, मात्र त्या किड्यांनी ओपन्शिया मोनाकँथा ही जात फस्त केली. १८३६ ते १८३८ या काळात तेच किडे दक्षिण भारतात मुद्दाम सोडण्यात आले. कीटकाच्या साहाय्याने तण नष्ट करण्याचे हे जगातील पहिले यशस्वी उदाहरण मानले जाते. पुढे १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरी कीटकजाती आणून ओपन्शिया डिलेनी व ओपन्शिया इलेटिअर या जातींना आवर घालण्यात आला. दख्खनमध्ये गावकुसाबाहेर पसरलेली फड्या निवडुंगाची रानेच्या राने त्यानंतर ओसरली. आज जे शिल्लक दिसते ते त्यांचे अवशेष होत.

लोकव्यवहारात तिचे काही उपयोग रूढ झाले. फड भाजून, उभा चिरून, गळू पिकण्यासाठी व सुजेवर बांधणे सर्वपरिचित आहे. भाजलेल्या फळाचा डांग्या खोकल्यातील उपयोग डायमॉक व सहकाऱ्यांच्या १८९० ते १८९३ मधील ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात नोंदलेला आहे. हे अनुभव मोलाचे आहेत. परंतु ते लोकपरंपरेचे आहेत, संहितांचे नव्हेत, हे ध्यानात ठेवावे.

घटकद्रव्ये

ताज्या कोवळ्या फडात सुमारे ९४ टक्के पाणी असते. १०० ग्रॅममध्ये केवळ १६ किलोकॅलरी ऊर्जा, सुमारे २ ग्रॅम तंतू आणि १६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आढळते. हा कॅल्शियमचा आकडा जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापला जातो. परंतु त्याचा बराच भाग कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांच्या रूपात असतो व तो आतड्यातून नीट शोषला जात नाही, हे २००४ मधील प्रयोगांनी दाखविले आहे.

फडाच्या बुळबुळीत अंशात अरॅबिनोज, गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज, झायलोज व गॅलॅक्ट्युरोनिक आम्ल यांनी बनलेली बहुशर्करा असते. त्याशिवाय पेक्टिन व आयसोऱ्हॅम्नेटिन वर्गातील फ्लेव्होनॉइड द्रव्ये असतात. फळाचा लाल व पिवळा रंग बेटालेन वर्गातील द्रव्यांमुळे येतो. बीटाचा रंगही याच वर्गातील आहे.

आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, या वनस्पतीचा रस घड्याळाप्रमाणे बदलतो. रखरखीत प्रदेशात पाणी वाचविण्यासाठी ती रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेते व तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठविते. दिवसा ते आम्ल खर्ची पडते. त्यामुळे पहाटे तोडलेला फड आंबट लागतो आणि दुपारनंतर तोडलेल्या फडाची आंबटता बरीच कमी झालेली असते. द्रव्यसंग्रहात काळाचे महत्त्व आपल्या आचार्यांनी का सांगितले, याचे हे बोलके उदाहरण होय. प्रमाणित कच्चा माल हवा असेल, तर तोडणीची वेळ व फडाचे वय दोन्ही नोंदवावी लागतील.

मधुमेहावरील संशोधन

या विषयातील सर्वांत परिचित काम मेक्सिकोतील फ्राती-मुनारी व त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात इन्सुलिनवर अवलंबून नसलेल्या १६ मधुमेही रुग्णांना ओपन्शिया स्ट्रेप्टाकँथाचे भाजलेले फड ५०० ग्रॅम देण्यात आले. तीन तासांनंतर रक्तशर्करा मूळ पातळीच्या सुमारे १७ टक्क्यांनी खाली आली. केवळ पाणी घेतलेल्या गटात असा बदल झाला नाही.

२००७ मधील मेक्सिकन अभ्यासात नेहमीच्या न्याहारीबरोबर ८५ ग्रॅम नोपाल दिला असता भोजनोत्तर शर्करेची वाढ कमी झाल्याचे आढळले. २०१४ मध्ये ३०० ग्रॅम वाफवलेला नोपाल पिष्टमय न्याहारीबरोबर देऊन केलेल्या अभ्यासातही भोजनोत्तर शर्करा व इन्सुलिन यांची वाढ घटली. हे सर्व अभ्यास लहान आहेत. त्यांचा कालावधी काही तासांचा आहे. नोपालाने महिनोन्‌महिने शर्करा नियंत्रित राहते अथवा मधुमेहाचे उपद्रव टळतात, असे त्यांवरून सिद्ध होत नाही.

औषधनिर्मात्यांनी विशेष लक्ष द्यावे असा अभ्यास मात्र १९९२ चा आहे. त्याच फ्राती-मुनारी गटाने बाजारातील नोपालच्या कॅप्सूल्स तपासल्या. रिकाम्या पोटी एकाच वेळी ३० कॅप्सूल्स देऊनही रक्तशर्करेत तत्काळ घट झाली नाही. रोज दहा-दहा अशा तीन वेळा कॅप्सूल्स दिल्या असता अल्पसा लाभ दिसला. परंतु ही मात्रा अव्यवहार्य असल्याने मधुमेहाच्या चिकित्सेत कॅप्सूलची शिफारस करता येत नाही, असा निष्कर्ष त्या संशोधकांनीच काढला.

साधे गणित केले तरी हे उमगते. ताज्या फडात ९४ टक्के पाणी धरल्यास ५०० ग्रॅम फडातून ३० ग्रॅम शुष्क द्रव्य मिळते. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलने ते द्यावयाचे तर ६० कॅप्सूल्स लागतील. ८५ ग्रॅमच्या भाजीसाठीही दहा कॅप्सूल्स होतात. ‘सकाळ-संध्याकाळ एक’ अशा सूचनेसह विकल्या जाणाऱ्या डबीला हे संशोधन आधार देत नाही. ज्या भाजीवर प्रयोग झाला तिचे यश कॅप्सूलच्या नावे जमा करणे हा शास्त्राशी प्रामाणिक व्यवहार नव्हे.

मेद, कोलेस्टेरॉल आणि इतर अभ्यास

१९९० च्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोना येथे गिनीपिगवर झालेल्या प्रयोगांत निवडुंगाच्या पेक्टिनने एलडीएल कोलेस्टेरॉल कमी झाल्याचे व यकृतातील त्याचे ग्राहक वाढल्याचे दिसले. मनुष्यांतील स्थौल्याविषयी चित्र मात्र फिके आहे. २०१५ मध्ये उपलब्ध नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा शरीरभारात लक्षणीय फरक आढळला नाही.

फळाबाबत सिसिलीतील पालेर्मो येथील २००४ चा अभ्यास उल्लेखनीय आहे. १८ निरोगी व्यक्तींना दोन आठवडे रोज ५०० ग्रॅम गर देण्यात आला. शरीरातील ऑक्सिडेशनजन्य हानीचे निदर्शक त्यामुळे घटले. तुलनेसाठी दिलेल्या क जीवनसत्त्वाने तसा परिणाम झाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ६४ तरुणांवर झालेल्या अभ्यासात मद्यपानापूर्वी फड्या निवडुंगाचा अर्क दिला असता दुसऱ्या दिवशीची मळमळ, मुखशोष व अरुची ही लक्षणे कमी झाली. मात्र यावरून ही वनस्पती मदात्ययाचे औषध ठरत नाही.

लाल रस आणि पांडुरोग

फळाच्या रसाने रक्त वाढते, ही समजूत आज झपाट्याने पसरत आहे. या समजुतीला आधार म्हणून जामनगरहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘आयु’ या नियतकालिकातील २०१५ च्या अभ्यासाकडे बोट दाखविले जाते. त्यात फेनिलहायड्रॅझिन देऊन रक्ताल्पता निर्माण केलेल्या उंदरांना ओपन्शिया इलेटिअरच्या फळाचा रस दिला असता हिमोग्लोबिन सुधारले. अभ्यास उपयुक्त आहे. परंतु त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. फेनिलहायड्रॅझिन हे रसायन रक्तकणांचा नाश करते. आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची रक्ताल्पता लोहाच्या अभावाने झालेली असते. दोन्हींची संप्राप्ती भिन्न आहे. ओपन्शियाच्या १०० ग्रॅम फळात लोह साधारण ०.३ मिलिग्रॅमच असते. रसाचा लाल रंग लोहाचा नसून बेटालेनचा आहे.

येथे प्रश्न केवळ तात्त्विक नाही. गर्भिणी अथवा अत्यार्तवाने क्षीण झालेली स्त्री लोहकल्प सोडून केवळ लाल रसावर विसंबली, तर महिने वाया जातात व हानी होते. रस फळाहार म्हणून घेण्यास बाध नाही. पण पांडुचिकित्सेत मंडूर व लोह यांचे कल्प, निदान व रक्ततपासणी यांची जागा त्याला देता येणार नाही.

सेवनातील धोके

फळ वा फड हाताळताना सूक्ष्म काटे त्वचेत, जिभेत व घशात रुततात. रस काढताना ते गाळण्याची व्यवस्था निर्दोष नसल्यास मुखाला व घशाला इजा होते. बिया मोठ्या प्रमाणात गिळल्यास त्यांचा गोळा होऊन मलावरोध झाल्याचे रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत. रस घेतल्यावर मूत्र तांबूस दिसू शकते. त्याला रक्तमूत्रता समजून रुग्ण घाबरतो, म्हणून पूर्वकल्पना द्यावी. ऑक्झलेटमुळे अश्मरीची प्रवृत्ती असलेल्यांनी फडांचे नित्य सेवन टाळणे इष्ट.

मधुमेहावरील आधुनिक औषधांबरोबर घेतल्यास शर्करा अवाजवी उतरू शकते. ग्लिपिझाइड व मेटफॉर्मिन घेणाऱ्या एका रुग्णाला निवडुंगाच्या सेवनानंतर असे प्रसंग आल्याची नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आहे. म्हणून ‘वनस्पतीच आहे, अपाय काय?’ असे समजणाऱ्या रुग्णाला त्याच्या इतर गोळ्यांविषयी आवर्जून विचारावे. पिच्छिल द्रव्ये इतर औषधांचे शोषण मंदावू शकतात. त्यामुळे दोहोंत काही काळाचे अंतर ठेवावे.

आयुर्वेदीय विचार

नवे द्रव्य स्वीकारणे आयुर्वेदाला वर्ज्य नाही. भावमिश्रांनी फिरंगरोगाचे वर्णन करताना चोपचिनी हे परदेशातून आलेले द्रव्य आत्मसात केले. शार्ङ्गधरांच्या ग्रंथात अहिफेन आले. परंतु द्रव्य आत्मसात करणे म्हणजे त्याला एखादे संस्कृत नाव देऊन जुन्या गुणांची यादी चिकटविणे नव्हे. रसाचे ज्ञान जिव्हेशी संपर्क होताच होते, विपाकाचे कर्माच्या परिणतीवरून, आणि वीर्याचे द्रव्याच्या शरीरातील अधिवासावरून व संपर्कावरून होते, ही चरकोक्त पद्धती फड्या निवडुंगालाही लागू आहे.

रसाविषयी प्रत्यक्षाने एवढे सांगता येईल की, फड अम्लानुगामी व अत्यंत पिच्छिल आहे, तर फळ मधुर व किंचित अम्ल आहे. वीर्य व विपाक यांचा निर्णय मात्र नोंदी ठेवून, अनेक रुग्णांत व ऋतूंत पाहूनच करावा लागेल. येथे एक प्रश्न विचारणीय आहे. प्रमेहाच्या संप्राप्तीत बहुद्रव कफ, क्लेद व मेद प्रधान असल्याने आपली प्रमेहघ्न द्रव्ये बहुधा तिक्त, कषाय व रूक्ष असतात. मग हे पिच्छिल द्रव्य भोजनोत्तर शर्करा कशी कमी करते? उपलब्ध संशोधनाचे उत्तर असे आहे की, त्याचा चिकट तंतू अन्नातील शर्करेचे शोषण मंदावतो. याचा अर्थ ते संप्राप्तिविघटन करणारे औषध आहे असे नव्हे. ते भोजनाबरोबर घ्यावयाचे पथ्य आहे. मेथीच्या दाण्यांतील विद्राव्य तंतूही याच रीतीने साहाय्य करतो, आणि मेथी आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे.

शिवाय मेक्सिकोतील अभ्यास तेथील जातींच्या कोवळ्या, निवडक फडांवर झाले. आपल्या बांधावरील डिलेनी वा इलेटिअर जातीला ते निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. जोधपूर व झाशी येथील केंद्रीय संस्थांत काटेविरहित निवडुंगावर काम होत आले आहे. परंतु त्याचा रोख मुख्यतः चाऱ्यावर आहे. वैद्यकीय उपयोगासाठी आपल्याकडील जातींचा स्वतंत्र अभ्यास आवश्यक आहे.

औषधनिर्मात्यांसाठी

१. कच्च्या मालाची जात, वापरलेला भाग, फडाचे वय व तोडणीची वेळ यांची नोंद ठेवावी. ‘नागफणी’ अथवा ‘निवडुंग’ या नावाने आलेला माल छेद व सूक्ष्मदर्शक परीक्षेविना स्वीकारू नये.

२. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार आयुर्वेदीय पेटंट व प्रोप्रायटरी औषधातील घटक प्रथम अनुसूचीतील ग्रंथांत उल्लेखिलेल्या योगांतील असणे अपेक्षित आहे. म्हणून या द्रव्याचा ग्रंथाधार तपासल्याखेरीज परवान्याचा अर्ज करू नये. स्नुहीचा ग्रंथाधार ओपन्शियाच्या उत्पादनाला जोडणे हे तर सर्वथा अयोग्य होय.

३. १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह व स्थौल्य हे दोन्ही विकार आहेत. ते बरे करण्याचा दावा असलेली जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे, मग आधाराला कितीही परदेशी शोधनिबंध जोडलेले असोत.

४. फळाचा रस अन्न म्हणून विकावयाचा असल्यास अन्नसुरक्षेचे नियम पाळावेत, काटे व बिया पूर्ण काढाव्यात, आणि वाढविलेल्या साखरेचे प्रमाण लेबलवर स्पष्ट लिहावे. मधुमेह्याने विकत घेतलेल्या सरबतात साखरच अधिक असेल, तर मूळ हेतूच नष्ट होतो.

समारोप

फड्या निवडुंग हे निरुपयोगी द्रव्य नाही. अल्प ऊर्जेची, तंतुयुक्त भाजी म्हणून त्याला चांगले भवितव्य आहे, विशेषतः अवर्षणप्रवण भागात. परंतु आजच्या संशोधनावरून त्याचे स्थान औषधाच्या कपाटात नसून पथ्याच्या ताटात आहे. केवळ नाव व रूप यांच्या ओळखीने कोणी वैद्य होत नाही, तर द्रव्याचा योग जाणणारा वैद्य होतो, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या आरंभीच सांगितले आहे. ‘हे घेऊ का?’ असे विचारणाऱ्या रुग्णाला आपण सांगावे : भाजी मिळाली तर जेवणात अवश्य घ्या, चालू औषधे सोडू नका, शर्करा तपासत राहा, आणि ज्या निवडुंगातून पांढरा चीक निघतो, त्याला वैद्याच्या सल्ल्यावाचून हात लावू नका.